समोर येऊन बोल

आबांना फोनवरचं बोलणं कळत नसे. मी पुण्याहून फोन लावायचे, काका तो आबांच्या कानाशी धरायचा आणि मी ओरडून विचारायचे, "आबा, जेवलात का?" पलीकडून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. मग ठरलेलं वाक्य यायचं. "काय कळत नाय. समोर येऊन बोल गो बाय." आणि फोन परत काकाकडे.

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकलं. दर वेळी म्हणायचे, "येते, आबा." तेही त्यांना ऐकू जात नसे. काका त्यांच्यासमोर उभा राहून ओठ हलवायचा, "येते म्हणते." मग आबा मान डोलवायचे, असं काका सांगायचा. माझं 'येते' त्यांच्यापर्यंत कायम काकाच्या ओठांवरून पोचलं.

२०२३च्या डिसेंबरात, मार्गशीर्षातल्या एका पहाटे चारला आबा गेले. वय चौऱ्याऐंशी. रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी खाऊन झोपले होते. पहाटे आजीनं नेहमीसारखं हलवलं, तर अंग गार लागलं.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात आहे, देवरुखच्या अलीकडे. पुण्याहून निघालं की उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण घ्यायचं आणि तिथून महामार्गानं खाली. सात तास तर लागतातच. बाबा पुढच्या सीटवर होते, मांडीवर दोन्ही हात पालथे ठेवून. घाटात धुकं होतं. पाटणजवळ चहाला थांबावं का असं ड्रायव्हरनं विचारलं, तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले, "नको. तिथं माणसं थांबल्येत."

माणसं खरोखरच थांबली होती. दुपारी दीडला पोचलो तेव्हा अख्खी वाडी अंगणात. सरणासाठी प्रत्येक घरातून एकेक लाकूड आलेलं. कुणी आंब्याचं, कुणी ऐनाचं. ते पायरीशी रचून ठेवलं होतं. शेजारच्या घरात मोठ्या टोपात भात शिजत होता, कारण आमच्या घरात चूल पेटणार नव्हती. कुणालाही घाई नव्हती. पहाटे चारपासून दुपारी दीडपर्यंत, ऐन भात झोडपायच्या दिवसांत, पन्नास-साठ माणसं नुसती बसून होती. का, ते मला त्या दिवशी रात्री कळलं.

पण आधी आबांच्या कानांबद्दल सांगायला हवं.

आबा १९५७ साली, अठराव्या वर्षी मुंबईला गेले. आमच्या भागातल्या हजारो पोरांसारखे गिरणीत लागले. आधी पाच वर्षं बदली कामगार. म्हणजे रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. आत कुणी खाडा केला असेल तर काम, नाही तर परत फिरायचं. १९६२ साली कायम झाले आणि साचेखात्यात गेले. साचा म्हणजे माग. एका खात्यात शेकडो साचे एकाच वेळी चालायचे, धोटा इकडून तिकडे धडकायचा, आणि सूत तुटू नये म्हणून आतली हवा कायम दमट ठेवलेली असायची. त्या आवाजात कानाशी तोंड नेऊन बोललं तरी ऐकू येत नसे. म्हणून साचेवाले ओठ वाचायला शिकत. चार साचे पलीकडचा माणूस ओठ हलवायचा आणि हा त्याला ओठांनीच उत्तर द्यायचा. आबा सांगायचे, आम्ही घरच्या गोष्टी, गावच्या गोष्टी, शिव्या, अभंग, सगळं आवाजाशिवाय बोललेलो आहोत.

वीस वर्षांत कान गेले. चिपळूणच्या एका डॉक्टरांनी मला पुढे समजावून सांगितलं होतं की कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, सततच्या मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी वरचे, बारीक स्वर जातात. 'स', 'श', 'फ', 'त' ही अक्षरं पुसली जातात, आणि माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. फोन तर मुळातच वरचे स्वर पुरते नेत नाही. मी कानाचं यंत्र आणून दिलं होतं, त्यात त्यांना भांड्यांचा आणि कावळ्यांचा आवाज मोठा यायचा, माणसाचा नाही. ते त्यांनी डबीत घालून देवाच्या फळीवर ठेवलं. व्हिडिओ कॉल करून बघितला. आमच्या वाडीत रेंज अशी की चेहरा थिजायचा, आवाज पुढे जायचा, ओठ मागे राहायचे. आबा दोन मिनिटं बघायचे आणि मान फिरवायचे. त्यांच्याशी बोलायचा एकच मार्ग होता. उजेडात, त्यांच्या समोर, दोन हातांवर बसायचं आणि तोंड त्यांच्याकडे करून बोलायचं. पाठमोरं बोललेलं, स्वयंपाक करता करता बोललेलं, मोबाइलमध्ये बघत बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचत नसे.

आमच्या घरात त्यामुळे एक सवय पडली होती. बोलायचं असलं की हातातलं काम ठेवून माणूस उठायचा आणि समोर जायचा. रात्री वीज गेली की आजी आधी चिमणी, पुढे चिमणी गेल्यावर बॅटरी, स्वतःच्या तोंडासमोर धरायची आणि मग बोलायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच आज्या असं करतात.

आबांना मी त्या वर्षीच्या गणपतीला दीड दिवस भेटले, ते शेवटचं. आले होते लॅपटॉप घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी आरती झाली आणि मी पडवीत खुर्ची टाकून मीटिंगला बसले. आमच्या वाडीत रेंज फक्त पडवीच्या डाव्या कोपऱ्यात येते. इंग्रजीत बोलत होते, कानात हेडफोन. आबा आतून आले, भिंतीला टेकून माझ्या समोर बसले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी मध्ये एकदा हात करून खुणावलं, 'थांबा'. त्यांनी मान डोलवली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी ते एकाग्र होऊन बघत होते, जसं साचेखात्यात पलीकडच्या माणसाकडे बघत असतील तसं. अर्ध्या तासानं ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि खालच्या अंगाला पाणी बघायला गेले. माझी मीटिंग संपली तेव्हा उत्तरपूजेची तयारी सुरू झाली होती, मग विसर्जन, मग परतीची गडबड. गाडीत बसताना पाया पडले, ते काहीतरी म्हणाले आणि मी 'हो हो' म्हटलं.

काय म्हणाले ते मला आठवत नाही. मीटिंग कशाबद्दल होती तेही आठवत नाही. भिंतीला टेकलेले आबा आणि माझ्या ओठांवरची त्यांची नजर, एवढंच लख्ख आठवतं. त्यांना कुणीतरी समोर बसून बोलतंय एवढं दिसत होतं, आणि त्यांच्या हिशोबात समोर बसून बोलणाऱ्याचं बोलणं आपल्यासाठीच असतं.

त्या डिसेंबरात ऑफिसच्या पोर्टलवर रजा टाकायला घेतली. कारणात 'मृत्यू' होतं. नातं निवडायला सांगितलं: आई-वडील, जोडीदार, अपत्य, भाऊ-बहीण. आजोबा त्या यादीत नव्हते. मी साधी रजा टाकली, पाच दिवस. मला त्याचा राग आला असं नाही. मला फक्त एवढंच जाणवलं की कुठल्याशा यादीत आजोबा नसणं ही गोष्ट मी स्वतःच कितीतरी आधी करून ठेवली होती. माझ्या आठवड्यात ते कुठे होते? रविवारी सकाळी तीन मिनिटं, तीही काकाच्या कानावर.

तर वाडी का थांबली, ते.

पहिल्या रात्री पुरुष माणसं अंगणात बसली होती, मी आत्याजवळ उंबऱ्यात. वाडीतले एक जुने गृहस्थ, आबांबरोबर मुंबईला एकाच खोलीत राहिलेले, बोलत होते. ती गावकीची खोली होती, लालबागला. एका खोलीत तीसेक माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. सगळे एकदम झोपायला जागा नाही; पण एक पाळी कामावर असायची तेव्हा दुसरी झोपायची, म्हणून भागायचं. जेवण जवळच्या बाईच्या खानावळीत. तर १९७४च्या पावसाळ्यात आबांची आई गेली. गावातून तार केली. तार खोलीवर आली, खोलीवरच्या पोरानं धावत गिरणीत नेली. आबा दुसऱ्या पाळीला होते. मुकादमानं तार वाचली आणि खिशात ठेवली. त्या दिवशी बदलीला माणूस नव्हता आणि आबांचे साचे बंद पडले असते. रात्री बाराला पाळी सुटल्यावर त्यानं ती आबांच्या हातात दिली. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती; ती मुंबईहून पार खालपर्यंत धावायला १९९८ साल उजाडलं. एसटीनं, पुराच्या पाण्यात अडकत, आबा तिसऱ्या दिवशी पोचले. तोवर राखही सावडून झाली होती.

"तवापासून आबांनी वाडीला सांगितलेलं," ते गृहस्थ म्हणाले, "पोरं आल्याबिगर उचलायचं नाय. दिवस जाऊ दे, बर्फ आणू, पण थांबायचं." आबांनी नुसतं सांगितलं नव्हतं. गावी कायमचे आल्यावर ते प्रत्येक मयताच्या अंगणात असे थांबले होते. कुणाच्या सुरतच्या पोरासाठी, कुणाच्या मुंबईच्या मुलीसाठी. आज पन्नास-साठ माणसं थांबली होती ती आमच्यासाठी. मी उंबऱ्यात बसल्या बसल्या रडले, त्या दिवसात पहिल्यांदा.

घराच्या माजघरात, खांबाला, एक तार लटकते. पूर्वी सगळ्यांच्याच घरी असायची, खाली गोल लाकडी चकती, वर आकडा, आणि तिच्यात टोचलेली पत्रं, पावत्या, सातबाऱ्याच्या नकला. आमच्या तारेत सगळ्यात खाली मनीऑर्डरची कुपनं आहेत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटी चिठ्ठी जोडलेली असायची, पैसे पाठवणाऱ्यानं दोन ओळी लिहायला. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि ती चिठ्ठी फाडून हातात ठेवायचा. आबांची शाळा चौथीपर्यंत झालेली. अक्षर उजवीकडे झुकलेलं. 'रु. ६० पाठवले आहेत. मिळताच कळवणे. मुलांस शाळेत पाठवणे. मी सुखरूप आहे. काळजी नसावी.' पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच, फक्त 'कौले शाकारून घेणे' एवढं वाढलेलं. तेराव्यापर्यंत मी तिथं होते (पाच दिवसांचे पंधरा केले, ते एका फोनवर झालं, इतकी वर्षं मी तो फोन का केला नव्हता कोण जाणे), आणि दुपारी बाबा ती कुपनं एकेक करून तारेवरून काढायचे, वाचायचे, परत टोचायचे.

बाबांचा जन्म १९६८चा. त्यांनी मला हिशोब करून दाखवला. आबा वर्षातून गणपतीला यायचे आणि शिमग्याला यायचे, कधी दोन दिवस मे महिन्यात. वर्षाचे पंचवीस, फार तर तीस दिवस. चौदाव्या वर्षापर्यंत बाबांनी आपल्या वडिलांना सगळं मिळून जेमतेम एक वर्ष बघितलं होतं. "मला वाचायला आलं तेव्हापासून बाप म्हणजे हाच कागद," ते म्हणाले. "पोस्टमन आला की आई मला हाक मारायची. मीच वाचून दाखवायचो. काळजी नसावी."

आणि मग १९८२ साल आलं. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचं नेतृत्व, साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं. आबांनी पाच वर्षं दाराशी उभं राहून काढली होती, ते दुसऱ्या दिवसापासून संपात. लोकांना वाटलं होतं महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मिटलं नाही. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. तो तसाच विरून गेला आणि माणसं गावाकडे परतली. आबा त्या वर्षी शिमग्याला आले आणि परत गेलेच नाहीत. बरोबर ट्रंक आणि वळकटी.

माझ्या लेखी या गोष्टीत सगळ्यात मोलाचं जे आहे ते इथून पुढे आहे. आबा त्रेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांना शेती येत नव्हती. पंचवीस वर्षं आजीनं केली होती. भाजावळ, तरवा, चिखल, लावणी, सगळं ती आणि वाडीतल्या बायका. त्या पावसाळ्यात आजीनं नवऱ्याला शेती शिकवली. त्यांना ऐकू येत नाही, वर पाऊस, म्हणून प्रत्येक गोष्ट सांगायला ती चिखलातून चालत बैलांच्या पुढ्यात जायची, इरलं मागे सारायची आणि त्यांना तोंड दिसेल असं उभं राहून सांगायची. बैल थांबायचे, आबा थांबायचे. बाबा बांधावरून बघायचे. "आईबापाला इतका वेळ एकमेकांशी बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं," ते म्हणाले.

मग बाबांनी ते वाक्य म्हटलं, अकराव्याच्या रात्री, जेवणं झाल्यावर. "संपानं आपलं घर बुडवलं. पण मला बाप मिळाला तो संपामुळे."

आत्या तांदूळ निवडत होती. ती बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. सुपातली बोटं थांबवून, मान वर न करता ती म्हणाली, "तुला बाप मिळाला, दादा. माझी शाळा गेली."

ते खरं होतं. हायस्कूल लांब, एसटीच्या पासाला पैसे नाहीत, आजीच्या कानातल्या कुड्या मोडून झालेल्या. बाबांचं शिक्षण कसंबसं चालू ठेवलं, ते आयटीआय करून चिंचवडच्या कारखान्यात लागले आणि म्हणून मी आज जिथं आहे तिथं आहे. आत्या सातवीनंतर घरी बसली. अठराव्या वर्षी लग्न. हिशोबाची वही ती आजही माझ्यापेक्षा भराभर करते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माणसानं घरी असावं, पैशाच्या मागे लागू नये असं म्हणणं मला परवडतं; त्या वर्षी आमच्या घरात ते कुणालाच परवडणारं नव्हतं. ज्या साठ रुपयांसाठी आबा घराबाहेर राहिले त्या साठ रुपयांत पाच माणसं जगली होती. आबांचं बाहेर राहणं हीसुद्धा माया होती, आणि तिच्यात बाबांचं बालपण गेलं. दोन्ही गोष्टींचं एकमेकींशी वजाबाकी करून उत्तर येत नाही. मी करून बघितली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आत्याच म्हणाली, "आबांनी माझी माफी मागितलेली. लग्नाच्या आदल्या रात्री. मला हळद लागलेली, मी बसलेले, ते येऊन समोर बसले. म्हणाले, तुझं शिक्षण मी खाल्लं. मी म्हटलं, असू दे आबा. त्यांना ऐकायला नाय आलं, मी रडत होते ना, ओठ नीट हलत नव्हते. परत म्हटलं. मग त्यांना कळलं."

तिनं सूप पाखडलं आणि उठून आत गेली.

दहाव्याचा प्रसंग मागेपुढे झाला, पण तो सांगायचाच आहे. नदीवर पिंड ठेवले. आमच्याकडे माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरचे एकेक जण पुढे होऊन बोलतात, मुलांकडे बघू, आजीला सांभाळू, अमक्याचं लग्न करू. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. कावळा थांबेल, सगळे सांगून बघतील, तरी शिवणार नाही, मग मी पुढे होऊन म्हणेन, 'आबा, मी येत जाईन.' मला खात्री होती की त्यांचं काही राहिलं असेल तर ते माझ्यापाशी राहिलं असेल.

आम्ही चार पावलं मागे सरलो आणि कावळा आला. लगेच. भाताचं शीत उचललं, दुसरा आला, तिसरा आला. "सुटले," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांचे चेहरे हलके झाले. मला मात्र छातीत काहीतरी लागलं. त्यांचं काही राहिलं नव्हतं. मी गेले नव्हते, तरी ते माझ्यावर अडून बसले नव्हते. एकेचाळीस वर्षं ते रोज त्या घरात होते, रोज कुणाच्या ना कुणाच्या समोर बसले होते, जे बोलायचं ते बोलून झालं होतं. राहिलं होतं ते सगळं माझं होतं.

पुण्याला परतल्यावर काय बदललं, असं एका मैत्रिणीनं विचारलं. नोकरी सोडली नाही. घराचं कर्ज आहे, ते मलाच फेडायचं आहे. पण एक गोष्ट मला परतल्याच्या पहिल्या आठवड्यात दिसली. माझं काम अमेरिकेच्या वेळेला बांधलेलं होतं. संध्याकाळी साडेसहाला मी खोलीचं दार लावायचे ते अकरा-साडेअकराला उघडायचे. आबांची दुसरी पाळी दुपारी सुरू होऊन रात्री बाराला सुटायची. माझा सहा वर्षांचा मुलगा दाराबाहेर झोपी जायचा. आबा आणि त्यांची मुलं यांच्यामध्ये तीनशे किलोमीटर होते. आमच्यामध्ये प्लायवूडचं एक दार. आणि मला तर पाच जणांची पोटं भरण्यासाठी ती पाळी करावी लागत नव्हती. मी दुसऱ्या गटात बदली मागितली. त्या वर्षी पगारवाढ झाली नाही आणि ज्या पदाची दोन वर्षं वाट बघत होते ते दुसऱ्याला मिळालं. त्याचं वाईट वाटलं, ते खोटं कशाला बोलू. दोन-तीन रात्री झोप लागली नाही.

मुलाला सवय व्हायला वेळ लागला. तो माझ्याशी पाठमोरा बोलायचा, टीव्हीकडे बघत, कारण मीही तशीच बोलत आले होते. आता मी उठून त्याच्या समोर जाते. गुडघ्यावर बसते. मार्चमध्ये एकदा तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "आई, तू माझ्या तोंडाकडे का बघतेस?" मी म्हटलं, "तू काय म्हणतोस ते बघते." त्याला ते पटलं. त्यानं डायनासोरबद्दलचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बाबांकडे बुधवारी संध्याकाळी जाते. काही ठरवून बोलत नाही. ते चहा करतात.

आणि गावाला जाते. महिन्यातून एकदा म्हणते, दीड महिन्यानं जमतं. गेल्या श्रावणात गेले होते तेव्हा लावणी उरकली होती, पाऊस धरूनच होता. रात्री जेवून आजी आणि मी माजघरात बसलो होतो, ती वाती वळत होती. काका-काकी मागच्या पडवीत. बोलत होतो असं नाही, ती तिच्या कामात, मी पायाला तेल लावत होते. वीज गेली. मिट्ट काळोख, कौलांवर पावसाचा आवाज.

आजीनं चाचपडत बॅटरी उचलली, खटका दाबला आणि उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर धरला. काळोखात तेवढाच तिचा चेहरा, सुरकुत्या, कानाच्या पाळीची रिकामी भोकं. समोर आबांची बसायची जागा, भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग. ती तोंड उघडून तशीच थांबली. बॅटरी खाली घेतली नाही.

मी उठले आणि त्या जागेवर, भिंतीला टेकून, तिच्या समोर बसले.

"सकाळी कोंबड्या लवकर नको सोडूया," आजी एकेक शब्द ओठांनी नीट तोडत म्हणाली, "अंगणात पाणी हाय."